पाचवा खिळा

"दिवा!" दवाखान्यातल्या औषधांच्या फ्रीजमागून बाबांचा आवाज आला.

मिरचीचा हात हत्यारांच्या पेटीकडे गेला. पण पेटी तिथे होती कुठे? ती तर पाहुणीच्या मांडीवर! पाहुणीने चटकन दिवा उचलला आणि फ्रीजमागे सरकवला.

"शाब्बास गं!" बाबा म्हणाले. "काय चपळ पोर आहे!"

मिरचीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. दिवा उलटा दिला होता. काच बाबांकडे, मूठ आपल्याकडे! बाबांना तो चाचपडत फिरवून घ्यावा लागला, हे तिला नुसत्या आवाजावरून कळले. अशाने काचेवर बोटांचे ठसे उमटतात आणि उजेड मंद पडतो. पण तिने ते सांगितले नाही. चुकू दे की! निदान एकदा तरी चुकू दे तिला!

बाबा फ्रीज आणि एसी दुरुस्त करत. नळीतून गॅस कुठे गळतो ते शोधायला ते नळीत एक रंग सोडत आणि अंधार करून हा जांभळा दिवा मारत. गळती असेल तिथे रंग लख्ख चमके. गेल्या तीन सुट्ट्या हा दिवा द्यायचा मान मिरचीचा होता. बाबांनी "दिवा" म्हणायचे आणि 'वा' संपायच्या आत तो त्यांच्या हातात पडायचा.

या सुट्टीत मात्र आत्याची लेक राहायला आली. मिरचीहून अवघ्या चार महिन्यांनी मोठी. तेवढ्यावरून घरातला प्रत्येक जण सांगे, "ताई म्हण तिला!" मिरचीने पहिल्याच दिवशी तिचे नाव 'पाहुणी' ठेवले. पाहुणे आठ दिवसांत जातात. ही तर महिनाभर राहणार होती!

तेवढ्यात कपड्यांना इस्त्री करणारे काका लंगडत दवाखान्यात शिरले.

"खिळा ना?" डॉक्टरांनी पाय न बघताच विचारले.

"खिळाच! त्या फळ्यांच्या बाकाखालून चप्पल काढत होतो."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. मिरचीची मावशी तिथे परिचारिका होती. तिने नोंदवहीत लिहिले, 'पायाला खिळा'.

"जीभ जड झाल्यासारखी वाटतेय हो," काका म्हणाले. "आणि कळ पार मांडीपर्यंत चढलीय."

"घाबरलात म्हणून. जा, आराम करा."

पाहुणी नोंदवहीत डोकावत होती. "मावशी, हा या आठवड्यातला चौथा खिळा आहे. आणि डॉक्टर, खिळा टोचल्यावर जीभ कशी जड होईल?"

डॉक्टर हसले. "प्रश्न झकास आहे! शाब्बास!" एवढे म्हणून त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली. प्रश्न तिथेच राहिला.

मिरचीने मनात हिशेब केला. आजचा दुसरा शाब्बास. सुट्टी लागल्यापासूनचा सव्विसावा. तिचे स्वतःचे? दोन. त्यातला एक शेपटाने दिला होता, आणि तोही त्याच्या नाकात अडकलेला मणी काढून दिला म्हणून.

शेपूट म्हणजे तिचा सात वर्षांचा भाऊ. मिरची जाईल तिथे तो मागे असायचाच.

*

त्यांच्या गल्लीच्या टोकाला फरशांचे मोठे गोदाम होते. दूरच्या, तापलेल्या खडकाळ मुलखातून ट्रक भरून फरशा येत. खाली फळ्या ठोकून केलेल्या लाकडी चौकटी असत, त्यांना सगळे पॅलेट म्हणत. फरशा विकल्या गेल्या की पॅलेट रिकामे. गोदामकाका मनाचे मोठे! "न्या हो, न्या! पडून काय करायचंय?" म्हणत ते येईल त्याला पॅलेट देऊन टाकत. मग कोणी त्याचे बाक केले, कोणी कुंड्यांचा मांडव, कोणी कोंबड्यांचे खुराडे. खिळे तेवढे सांभाळायचे, एवढेच.

मिरचीच्या घरामागे मुलांनी नऊ पॅलेटची 'गुप्त कचेरी' बांधली होती. वर पोती, दाराला पोते. आत भर दुपारी मिट्ट काळोख.

"सभा सुरू!" कचेरीबाहेरच्या दगडावर बसून पाहुणीने वही उघडली. "चार जणांना खिळा टोचला. चौघेही याच गल्लीतले. आणि खिळा कोणालाच दिसला नाही."

"खिळ्यांचा कट!" भोंगा ओरडला. तो शेजारचा मुलगा. त्याचे कुजबुजणेसुद्धा चौकापर्यंत ऐकू जाई.

"हळू! उद्या आपण प्रत्येकाला विचारू, जखम कशी होती, रक्त आलं का?"

"मी पण येणार, ताई!" शेपूट म्हणाला.

ताई! मिरचीला मिरचीच झोंबली. आपले शेपूटसुद्धा तिकडे गेले!

"एवढं काय त्यात?" ती उठली. "एक चुंबक घ्या आणि गल्लीभर फिरा. सापडतील खिळे. मोठ्या आल्यात हेर!"

"तूही चल ना," पाहुणी म्हणाली. "तुला गल्ली माहीत आहे. मला नाही."

"तुला तर सगळंच माहीत असतं की!" मिरची म्हणाली आणि पाय आपटत घरात गेली.

दुपारी सगळे आडवे झाले. हत्यारांची पेटी कोपऱ्यात होती. मिरचीने आवाज न करता दिवा काढला. करायचे काहीच नव्हते. कोणी बघत नसताना तरी तो आपल्या हातात असावा, एवढेच तिला हवे होते. ती कचेरीत जाऊन बसली आणि तिने बटण दाबले.

जांभळा उजेड फळ्यांवर पडला. पोत्याचे धागे निळसर दिसू लागले. आणि दोन फळ्यांच्या फटीत काहीतरी चमकले! हिरवट, निळसर, जसे काही आतून उजळलेले.

"इथे कुठला आलाय गळतीचा रंग?" ती पुटपुटली आणि वाकली.

रंग हलला! त्याला नांग्या होत्या. पाठीवर वळलेली शेपटी होती, आणि तिच्या टोकाला काटा!

मिरची श्वास रोखून मागे सरकली ती थेट पोत्याबाहेर. विंचू! चमकणारा विंचू! आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात सगळे जुळले. जड जीभ. मांडीपर्यंत चढणारी कळ. न दिसलेले खिळे. पॅलेट!

"बाबा!" ती ओरडणार होती. ती ओट्यापर्यंत धावलीही. पण बाबा जागे झाले होते आणि पाहुणीला आपला गॅसचा दाब मोजायचा काटा दाखवत होते. "ही माझी नवी मदतनीस बरं का!" ते आईला सांगत होते. "एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही."

मिरचीचे तोंड मिटले. आता सांगितले तर काय होणार? पाहुणी चष्मा सरळ करून विंचवाची सगळी माहिती सांगणार, वहीत लिहिणार, आणि सत्ताविसावा शाब्बास घेऊन जाणार! नको. उद्या त्या सगळ्यांना चौकशी करून दमू दे. मग संध्याकाळी मी सगळ्यांना इथे आणीन आणि दिवा लावीन. मी!

तिने कचेरीच्या दारात दोन विटा ठेवल्या. "शेपट्या, आत जायचं नाही हं!"

"का?"

"मी सांगते म्हणून!"

सात वर्षांच्या मुलाला आत जायला यापेक्षा चांगले कारण कोणी दिले नसते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता शेपटाची किंकाळी आली.

बाबा त्याला उचलून दवाखान्यात धावले. मागे आई, मिरची, पाहुणी, भोंगा. शेपटाने हाताचा अंगठा घट्ट धरला होता. त्याला दरदरून घाम फुटला होता. तोंडातून लाळ गळत होती. वाटेतच त्याला दोनदा उलटी झाली.

"पॅलेटशी खेळत होता? मग खिळाच," डॉक्टर म्हणाले. मावशीने लेखणी उचलली. पाचवा खिळा.

"खिळा नाही!"

सगळे वळले. मिरची दारात उभी होती. तिचा आवाज तिलाच ओळखू येत नव्हता.

"विंचू आहे. कचेरीत. मी पाहिला."

"विंचू? अगं, तीस वर्षं दवाखाना चालवतोय, या गावात एकही विंचू..." डॉक्टर म्हणाले.

"कधी पाहिलास?" बाबांनी विचारले.

खोटे बोलता आले असते. आत्ताच पाहिला, एवढे म्हटले की झाले. मिरचीने शेपटाकडे पाहिले. त्याचे ओठ थरथरत होते.

"काल दुपारी."

बाबांनी तिच्यावरची नजर काढली आणि शेपटाचा घाम पुसला. ते ओरडले असते तर बरे झाले असते.

डॉक्टरांनी पुन्हा शेपटाची नाडी धरली. लाळ पाहिली, घाम पाहिला. त्यांचे हसू मावळले. "रुग्णवाहिका बोलव!" ते मावशीला म्हणाले. "विंचवाच्या विषावरचं औषध फक्त मोठ्या हॉस्पिटलात आहे. लहान मुलाच्या बाबतीत वेळ दवडून चालत नाही. विंचू कोणता ते कळलं तर तिथे सगळी तयारी ठेवता येईल."

"मी फोटो आणते!" मिरची म्हणाली. मावशीने तिच्या हातात फोन कोंबला. "हात लावायचा नाही कशाला! लांबून काढायचा!"

मिरची पळत सुटली. मागे पावले वाजली. पाहुणीही पळत होती, चष्मा हातात धरून.

मिरचीने घरातल्या पेटीतून दिवा घेतला आणि कचेरीपाशी येऊन तो लावला. काठीने पोते बाजूला सारले आणि उंबऱ्याबाहेरूनच प्रकाश आत टाकला. फटीत तोच हिरवा उजेड. फोन तिने पाहुणीच्या हातात दिला होता. पण तिचा हात इतका कापत होता की पहिले तीनही फोटो म्हणजे नुसती हिरवी रेघ.

"मला... मला भीती वाटतेय," पाहुणी म्हणाली.

पाहुणीला भीती वाटते! कालची मिरची असती तर आनंदाने उडी मारली असती. आजची म्हणाली, "मलाही वाटतेय. माझ्या खांद्यावर कोपर टेकव. दिवा मी हलू देत नाही."

चौथा फोटो स्पष्ट आला. पाहुणीने तो मोठा करून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. विंचवाच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखे काहीतरी दाटीने बसले होते. ते चमकत नव्हते.

"पिल्लं! आई आहे ही," ती म्हणाली. "मी वाचलंय, काही जातींत नर लागतच नाही. एकटी मादी ट्रकमधून आली तरी पुरे. म्हणजे इथे एकच नसणार!"

फोटो फोनवरून दोन मिनिटांत मोठ्या हॉस्पिटलात पोचला. रुग्णवाहिका आईबाबांना आणि शेपटाला घेऊन निघाली. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मिरची रस्त्यात उभी राहिली.

दीड तासाने मावशीचा फोन वाजला. "औषध सुरू झालंय," ती म्हणाली. "फोटो बघून त्यांनी बाटल्या काढूनच ठेवल्या होत्या. पण धोका टळला, असं अजून म्हणत नाहीत."

*

डॉक्टरांनी बोलावलेल्या आरोग्य निरीक्षक बाई गमबूट चढवून हजर झाल्या. पण गोदामकाका शटरसमोर हात पसरून उभे!

"माझ्या गोदामात विंचू? अहो, माझं लाकूड आरशासारखं! आधी वरून परवानगीचा कागद आणा!"

"कागद उद्या मिळेल," बाई म्हणाल्या. "तोवर एकही पॅलेट हलवू नका."

"छे! ही गाडी आत्ता बालवाडीला चाललीय. लेकरांना बसायला बाक नकोत? आणि तुम्हाला एवढी भीती वाटत असेल तर मारतो ना फवारा! गेल्या रविवारी झुरळांसाठी मारलाच होता!"

"रविवारी?" पाहुणीने वही उघडली. "पहिला खिळा सोमवारचा!"

"फवाऱ्याने विंचू सहसा मरत नाही, पळतो," निरीक्षक बाई म्हणाल्या. "फटीतून निघून थेट लोकांच्या घरात शिरतो. तुम्हीच हाकलले ते गल्लीत!"

"सिद्ध करा!" गोदामकाका म्हणाले आणि त्यांनी ड्रायव्हरला हात केला.

छोटा टेम्पो पॅलेटनी भरलेला होता. वीस-पंचवीस लेकरे उद्या त्यावर उघड्या पायांनी बसणार होती. मिरचीने पाहुणीकडे पाहिले. पाहुणीने मिरचीकडे. पाहुणीने वहीची पाने उलटली, पण टेम्पो थांबवायची युक्ती वहीत कुठून असणार!

मिरचीची नजर वर गेली. गोदामाच्या भिंतीवरचा एसी टपटप गळत होता.

"भोंग्या," ती कुजबुजली, "टेम्पोसमोर उभा राहा आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही! तुला काय कमी आहे?" मग ती मोठ्याने म्हणाली, "काका, तुमचा एसी गार होत नाही म्हणून चार दिवस बाबांना फोन करताय ना? बाबा हॉस्पिटलात आहेत. दिवा माझ्याकडे आहे. गळती कुठे आहे ती मला शोधता येते."

गोदामकाकांनी कपाळावरचा घाम पुसला. "तुला येतं?"

"तीन सुट्ट्या तेच करतेय."

"बरं, चल. पण ही बाई बाहेर!"

"मदतीला एक जण लागतो," मिरची म्हणाली आणि तिने पाहुणीचा हात धरला.

आत फरशांचे ढीग, रिकाम्या पॅलेटच्या भिंती आणि कोपऱ्यात काकांचे टेबल. मिरचीने एसीकडे पाहून बाबांसारखेच तोंड वाकडे केले. "अंधार लागेल, काका. शटर खाली घ्या. आणि दिवे बंद."

काकांनी स्वतःच्या हाताने शटर ओढले. स्वतःच्या हाताने बटणे बंद केली.

मिरचीने दिवा लावला. आधी नळीवर धरला; बाबांनी मागच्या दुरुस्तीत सोडलेला रंग एका जोडापाशी चमकला. "हा जोड खराब झालाय," ती म्हणाली. ते खरेच होते. मग तिने दिवा हळूहळू खाली आणला.

पॅलेटच्या भिंतीत एक हिरवा ठिपका उजळला. मग दुसरा. मग पाच. मग मोजता येईनात! फटीफटीत हिरवे आकडे वळवळत होते.

"हे... हे काय?" काकांचा आवाज चिरकला. "एवढ्या ठिकाणी गॅस गळतोय?"

"गॅसला नांग्या नसतात, काका," पाहुणी म्हणाली. "हलू नका. एक तुमच्या खुर्चीच्या पायावर आहे."

गोदामकाका एवढे जाडजूड! पण टेबलावर कसे चढले ते त्यांनाही सांगता आले नसते. चढताना त्यांचा हात भिंतीवरच्या कॅलेंडरला लागला आणि कॅलेंडर खाली पडले. मागे एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. पाहुणीने दिव्याच्या उजेडात तो वाचला, "'रिकामी पॅलेट भट्टीत तापवल्याशिवाय गोदामाबाहेर नेऊ नयेत.'"

"कॅलेंडरला खिळा तिथेच होता हो," काका टेबलावरून म्हणाले.

"शटर उघडू का?" मिरचीने विचारले. "की वरून कागद आणायचा?"

"उघड गं बाई, उघड! त्या बाईंना बोलाव!"

बाहेर भोंगा टेम्पोसमोर उभा राहून ड्रायव्हरला सतराचा पाढा म्हणून दाखवत होता. ड्रायव्हरने केव्हाच इंजिन बंद करून कान झाकले होते.

*

चार दिवस गल्लीतून पॅलेट गोळा झाली. लांब चिमटे आणि झाकणाच्या बरण्या घेऊन निरीक्षक बाईंची माणसे फिरली. अंधाऱ्या खोल्यांत जांभळा दिवा फिरला. बूट झटकून घाला, पलंग भिंतीपासून दूर सरकवा, गटाराच्या जाळ्या लावा, असे भोंग्याने दारोदार सांगितले. ज्याने ऐकले नाही असा गल्लीत कोणी उरला नाही.

शेपूट पाचव्या दिवशी घरी आला. अंगठ्याला पट्टी, आणि चेहऱ्यावर मोठ्या लढाईहून परतल्याचा थाट.

दवाखान्यात सगळे जमले. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने नोंदवहीतले पाच खिळे खोडले आणि पाच वेळा 'विंचू' लिहिले. "चूक माझी होती," ते म्हणाले. "प्रश्न विचारला गेला होता. मी शाब्बास म्हटलं, उत्तर नाही दिलं. या मुलांनी गल्लीच नव्हे, बालवाडीही वाचवली!"

"आणि ही दिव्याची युक्ती कोणाची?" निरीक्षक बाईंनी विचारले.

सगळ्यांच्या नजरा सवयीने पाहुणीकडे गेल्या.

"हिची," पाहुणी म्हणाली. "विंचूही हिनेच पाहिला."

"आदल्या दिवशी पाहिला होता," मिरची म्हणाली. "आणि सांगितलं नाही. तुला शाब्बास मिळेल म्हणून."

मग बाबांनी पेटी उचलली आणि पाहुणीच्या हातात दिली. "गोदामात जे केलंस त्याला शाब्बास," ते मिरचीला म्हणाले. "मनापासून. पण सुट्टी संपेपर्यंत पेटी हिच्याकडे."

मिरचीने मान हलवली. पाहुणीच्या हातातली पेटी अजूनही टोचत होती, खोटे कशाला बोला! पण शेपूट शेजारी उभा राहून केळे खात होता. तेवढे टोचणे चालण्यासारखे होते.

बाबा फ्रीजमागे शिरले. आता त्यात विंचवाच्या विषावरचे औषध ठेवले जाणार होते, इथेच, गल्लीच्या तोंडाशी. जोड शेवटचे तपासायचे राहिले होते.

"दिवा!"

पाहुणीने दिवा उचलला. काच बाबांकडे, मूठ आपल्याकडे.

मिरचीचा हात पुढे आला. तिने दिवा घेतला नाही. पाहुणीच्या हातातच तो अलगद उलटा फिरवला.

"मूठ त्यांच्याकडे द्यायची," ती हळूच म्हणाली. "काच आपल्याकडे. मग बोटं लागत नाहीत, ताई."

फ्रीजमागची खुडबूड थांबली. "ताई? कोण म्हणालं ते?"

"कोणी नाही!" मिरची ओरडली. "कामाकडे लक्ष द्या, बाबा!"